धंदेवाईक क्रीडासंघ : पुणें व मुंबई येथील पूर्ववृत्त

वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवर पासली नांवाचें लहानसें गांव आहे. शिक्षकाची नोकरी संपल्यापासून आमचें वास्तव्य येथेंच असतें. भात निघाल्यावर खाचरें मोकळीं होतात, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास त्यांत गांवचीं मुलें कबड्डी खेळतात. गेल्या पौषांत त्यांपैकीं एका मुलाच्या सदऱ्यावर ‘पुणेरी पलटण’ हीं अक्षरें आमच्या पाहण्यांत आलीं. पलटण हा शब्द पेशवाईच्या उत्तरार्धांतील कागद चाळणारांस नवा नाहीं. युरोपीय लष्करी शब्दाचें तें मराठी रूप असून कवायती फौजेबरोबर तें आपल्याकडे आलें व येथेंच राहिलें. त्या मुलानें आम्हांस विचारिलें, “गुरुजी, ही पलटण आधीं पेशव्यांची होती का?” आम्ही हंसलों. परंतु पलटण पेशव्यांची नव्हती, तर मग कोणाची होती, व पगार घेऊन गांवाच्या नांवानें खेळणारा संघ या प्रांतीं प्रथम केव्हां उभा राहिला, याचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. प्रस्तुत टिपण त्या उत्तराच्या शोधांतून झालें आहे.

पुष्कळांचा असा समज आहे कीं, धंदेवाईक संघ ही वस्तु २००८ सालीं मुंबईंत झालेल्या क्रिकेटपटूंच्या लिलावानें जन्मास आली, आणि कबड्डीच्या बाबतींत २०१४ सालीं. आमच्या मतें हा समज अर्धाच खरा आहे. लिलाव नवा, पगार जुना. परंतु पगार म्हणजे नेमकें काय हें आधीं ठरविल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं.

मराठ्यांच्या फौजेंत स्वाराचे दोन प्रकार होते, हें वाचकांस सांगावयास नकोच. शिलेदार हा आपला घोडा व आपलीं हत्यारें घेऊन येई. बारगिरास घोडा सरकारांतून मिळे व वर दरमहा वेतन. शिलेदाराचा मान मोठा, परंतु त्याच्यावर धन्याची सत्ता कमी. बारगीर पूर्णपणें धन्याचा. इंग्लंडांत क्रिकेटच्या खेळांत हाच भेद ‘जंटलमन’ व ‘प्लेअर’ या नांवांनीं चालत असे. दोघे एकाच संघांतून खेळत, परंतु कपडे बदलण्याच्या खोल्या निरनिराळ्या असत, आणि मैदानावर उतरण्याची वाटही पुष्कळ ठिकाणीं निराळी असे. हा भेद तेथें १९६२ सालीं मोडला. आपल्याकडे त्या दोन शब्दांस ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ असे प्रतिशब्द रूढ झाले, आणि दुसऱ्या शब्दाला जी हीन छटा आली ती अजून पुरती गेलेली नाहीं. संस्कृत ग्रंथांतही वेतन घेऊन विद्या सांगणाऱ्यास ‘भृतकाध्यापक’ म्हणून मनुस्मृतीनें श्राद्धाच्या पंक्तींतून वर्ज्य केलें आहे. आम्हीं स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ दरमहा वेतन घेऊन संस्कृत शिकविलें असल्यामुळें धंदेवाईक खेळाडूकडे नाक मुरडून पाहण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. उलट पाणिनीनें पांचव्या अध्यायांत ‘आयुधजीवी’ संघांचा, म्हणजे शस्त्रावर उपजीविका करणाऱ्या संघांचा, उल्लेख अगदीं निर्विकारपणें केला आहे. त्याच धर्तीवर ‘क्रीडाजीवी संघ’ असें म्हटल्यास विषय स्वच्छ होईल.

मुंबईंतील संघांचा आरंभ मात्र हौसेंतून झाला. पारशी तरुणांनीं १८४८ सालीं ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला व दोन वर्षांनीं झोरोआस्ट्रियन क्लब निघाला. शहापुरजी सोराबजी यांनीं १८९७ सालीं छापलेल्या पारशी क्रिकेटच्या बखरींत या आरंभकाळची हकीकत आहे. बखर हा शब्द आम्ही बुद्ध्याच योजितों. त्या ग्रंथांत मैदानाच्या भांडणाचे जे अर्जविनंत्यांचे तपशील आहेत, ते कोणत्याही वतनाच्या कज्जाहून कमी नाहींत. युरोपियनांच्या पोलो खेळण्यानें मैदानाची गवती जमीन घोड्यांच्या टापांखालीं उखडली जाई, आणि तेथेंच खेळणाऱ्या एतद्देशीय मुलांनीं सरकारकडे दाद मागितली. हा तंटा १८७९ पासून चारपांच वर्षें चालला. पुढें पारशी जिमखाना १८८५त, इस्लाम जिमखाना १८९२त व परमानंददास जीवनदास हिंदु जिमखाना १८९४त स्थापन झाला. युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना त्यांपूर्वीं, १८७५ पासून, होताच. म्हणजे मुंबईच्या समुद्रकांठीं जातवार जिमखाने ओळीनें उभे राहिले, आणि संघाचें नांव म्हणजे जातीचें अथवा धर्माचें नांव, ही रीति पक्की झाली. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा वार्षिक सामना सुरू झाला. १९०७त हिंदु आल्यावर तो तिरंगी, १९१२त मुसलमान आल्यावर चौरंगी व १९३७त इतरांचा संघ आल्यावर पंचरंगी झाला. ‘मुंबई’ या नांवाचा संघ या सर्व यादींत कोठेंही नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां पुण्याकडे येऊं. कारण आमच्या शोधांत ज्या पहिल्या मनुष्याच्या पगाराचा आंकडा सांपडतो, तो पुण्यांतील आहे. पालवणकर बाळू हे त्याचें नांव. जन्म १८७६ सालचा. घराणें चर्मकार जातीचें, मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील पालवण. वडील पलटणींत नोकरीस. येथें ‘पलटण’ हा शब्द खऱ्या अर्थानें आला आहे, आणि तो निव्वळ योगायोग नव्हे. लष्करी छावणींत शिपाई गोरे लोक काय खेळतात हें पाहत, व टाकून दिलेल्या चेंडू-फळीनें त्यांचीं मुलें खेळत. बाळू व त्यांचे बंधु शिवराम, गणपत व विठ्ठल हे खेळास लागले ते असे. पुण्यांत एका पारशी क्लबाच्या मैदानावर जमीन झाडणें व रूळ फिरविणें या कामावर बाळू प्रथम दरमहा तीन रुपयांवर राहिले. १८९२च्या सुमारास ते पूना क्लबाकडे गेले. तेथें वेतन चार रुपये. काम तेंच : रूळ फिरविणें, रेघा आंखणें, जाळीं उभीं करणें, टेनिसचीं मैदानें तयार ठेवणें. त्यांत भर म्हणून सभासदांच्या सरावासाठीं चेंडू टाकणें.

या शेवटच्या कामांत त्यांचा डावा हात इतका तयार झाला कीं, कॅप्टन ग्रेग नांवाचे लष्करी अधिकारी, जे त्या काळचे उत्तम फलंदाज समजले जात, ते रोज इतर सभासदांच्या आधीं येऊन बाळूंस चेंडू टाकावयास लावूं लागले. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे द्यावयाचे, असा ग्रेग यांचा ठराव होता असें सांगतात. ही आख्यायिका आहे. तिला कागद नाहीं. परंतु चार रुपये मासिक वेतन असतां महिन्यांतून आठच वेळां साहेबांस बाद केल्यास वेतन दुप्पट होतें, हा हिशेब लक्षांत घेतां ती खोटी मानण्याचेंही कारण दिसत नाहीं. दुसरी गोष्ट मात्र आख्यायिकेच्या सदरांत टाकतां येत नाहीं : इतकीं वर्षें चेंडू टाकूनही पूना क्लबांत बाळूंस फलंदाजी करावयास मिळाली नाहीं. फळी शिलेदारांची, चेंडू बारगिराचा.

आमच्या मतें या प्रांतांतील धंदेवाईक खेळाडूचा पहिला नमुना हाच होय. यावर असा आक्षेप येईल कीं, वेतन रुळाचें होतें, खेळाचें नव्हे. आक्षेप वाजवी आहे, व त्याचें उत्तर पुढील घडामोडींत मिळतें. पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांशीं सामना खेळावयाचा होता. बाळूंस संघांत घ्यावें कीं न घ्यावें यावर तेथें वाद झाला. शेवटीं घेतलें, कारण त्यांच्यावांचून जिंकण्याचा संभव नव्हता. मैदानावर तोच चेंडू सर्वांनीं हाताळावयाचा, परंतु चहाच्या वेळीं बाळू मंडपाबाहेर, व त्यांस चहा मातीच्या भांड्यांत. ही व्यवस्था ज्यांनीं केली त्यांत आमच्यासारखे संस्कृत जाणणारे पुष्कळ असतील, हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण न लिहिणें हें अधिक वाईट होय. ज्या मनुष्याचा हात विकत घेतां येतो त्याला पंक्तींत घेण्याचें कारण नाहीं, हा विचार त्या मातीच्या भांड्यामागें होता, आणि त्यांत जातीचा तिटकारा व वेतनाचा तिटकारा दोन्ही मिसळलेले होते. त्यांतला कोणता किती, हें वेगळें काढणें आतां शक्य नाहीं.

१८९६-९७च्या प्लेगांत पुष्कळांचीं घरें हललीं. बाळू मुंबईस गेले, परमानंददास हिंदु जिमखान्यासाठीं खेळूं लागले, व त्यांस बी. बी. अँड सी. आय. रेल्वेंत नोकरी मिळाली. येथें दुसरा प्रकार सुरू होतो : पगार कागदोपत्रीं कचेरीचा, परंतु नोकरी मिळाली ती खेळाच्या बळावर. फेब्रुवारी १९०६त हिंदूंनीं युरोपियनांस बॉम्बे जिमखान्यावर १०९ धांवांनीं हरविलें. हिंदु २४२ व १६०. युरोपियन १९१ व १०२. बाळू व शिवराम हे दोघेही बंधु त्या संघांत होते, व दुसऱ्या डावांत युरोपियनांचे पांच गडी बाळूंनीं बाद केले. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालीं जो संघ इंग्लंडांत गेला, त्यांत बाळूंनीं ११४ बळी घेतले. तथापि नायकत्व त्यांस कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें, आणि त्या वर्षीं चौरंगी सामने हिंदूंनीं जिंकले. १९३७च्या निवडणुकींत बाळू हे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून हरले. १९५५त त्यांचें निधन झालें.

तिसरा प्रकार संस्थानी आश्रयाचा. मल्लांस संस्थानिकांनीं पोसणें ही आपल्याकडील जुनीच चाल. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं खासबागेचें मैदान बांधून १९१२त तें पुरें केलें, हें सर्वश्रुत आहे. तीच चाल क्रिकेटांत आली. नागपूरचे सी. के. नायडू १९२३त होळकरांच्या बोलावण्यावरून इंदुरास गेले व तेथें लष्करी हुद्यावर राहिले. सांगलीस जन्मलेले विजय हजारे देवासकरांच्या व पुढें बडोद्याच्या आश्रयानें वाढले. होळकरांचा संघ १९४५ ते १९५३ या अवधींत चार वेळां रणजी करंडक जिंकला. यांत नांवाची गंमत अशी कीं संघाचें नांव धर्माचें नव्हे, गांवाचेंही नव्हे, तर धन्याच्या घराण्याचें. बारगिरी पद्धतीचें इतकें स्वच्छ उदाहरण दुसरें आढळत नाहीं.

गांवाच्या वा प्रांताच्या नांवाचा संघ खऱ्या अर्थानें आला तो १९३४-३५त रणजी करंडकाबरोबर. पहिलाच करंडक मुंबईनें मिळविला, आणि १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षें तो मुंबईकडेच राहिला. मार्च २०२४त त्यांनीं तो बेचाळिसाव्या वेळीं जिंकला. इकडे धर्मवार सामन्यांवर टीका वाढत गेली, १९४० सालीं गांधींनीं त्यांविरुद्ध मत दिलें, आणि १९४५-४६च्या हंगामानंतर पंचरंगी सामने बंद पडले. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षें दोन्ही पद्धति बरोबरीनें नांदल्या. एकच खेळाडू हिंवाळ्याच्या एका आठवड्यांत हिंदु, तर पुढच्या आठवड्यांत महाराष्ट्रीय.

महाराष्ट्राच्या संघाविषयीं दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं, कारण त्या संघाचे नायक दिनकर बळवंत देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक होते. १९२६ सालीं गिलिगन यांच्या इंग्रज संघाविरुद्ध त्यांनीं मुंबईस १४८ धांवा केल्या. १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठच्या दोन हंगामांत त्यांच्या नायकत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या हंगामांत मुंबईविरुद्ध त्यांच्या २४६ धांवा झाल्या त्या वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या सुमारास. ते १९९३ सालीं, वयाचीं एकशें एक वर्षें ओलांडून, वारले. संस्कृतचें अध्यापन वेतनासाठीं व खेळ हौसेसाठीं, अशी त्यांची वांटणी होती. बाळूंच्या उलट. दोघांमध्यें सोळा वर्षांचें अंतर, गांव एकच, आणि वेतनाचा रकाना मात्र विरुद्ध बाजूस. आम्हांस या विषयाचें सारें मर्म या दोन नांवांत दिसतें.

पुण्याच्या पूना क्लबावर १९४८ सालच्या डिसेंबरांत जें घडलें तें येथें नमूद केलें पाहिजे, कारण त्यांतून हौशी संघाचीही एक उणीव उघडी पडते. काठेवाडविरुद्ध खेळतांना भाऊसाहेब निंबाळकर यांनीं नाबाद ४४३ धांवा केल्या. कमल भांडारकर यांच्याबरोबर दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धांवांची भर पडली. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. ब्रॅडमन यांचा त्या काळचा जागतिक विक्रम ४५२ धांवांचा. बरोबरीस नऊ धांवा उरल्या होत्या. त्या वेळीं काठेवाडचे नायक राजकोटचे ठाकूरसाहेब यांनीं पुढें खेळण्यास नकार दिला व सामना सोडून संघ निघून गेला. शिलेदार तो शिलेदारच. त्याला रणांगणावर कोण थांबविणार? याच निंबाळकरांनीं आपल्या कारकीर्दींत बडोदें, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान व रेल्वे अशा अनेक संघांतून खेळ केला. नांवांची ही यादी वाचली कीं संस्थानी आश्रयाकडून सरकारी खात्याकडे झालेला प्रवास एकाच माणसाच्या चरित्रांत दिसतो.

त्याच मैदानावर मार्च १९४९त मुंबई व महाराष्ट्र यांचा सामना झाला. मुंबई ६५१ व ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ व ६०४. एकूण धांवा २,३७६, म्हणजे प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील जगांतला उच्चांक. मुंबई ३५४ धांवांनीं जिंकली. आम्हीं बेरीज करून पाहिली, ती जुळते. इतिहासांत असें सुख क्वचित् मिळतें.

चौथा प्रकार कचेऱ्या व गिरण्यांच्या संघांचा, आणि आमच्या मतें हाच सर्वांत दुर्लक्षित आहे. मुंबईंत टाइम्स ढालीचे सामने १९३०च्या पुढें सुरू झाले, ते कचेऱ्यांच्या संघांचे. बँका, रेल्वे, टाटा, मफतलाल यांच्यासारख्या पेढ्यांनीं खेळाडूंस नोकऱ्या दिल्या. फुटबॉलांत रोव्हर्स करंडक १८९१ पासून मुंबईस होता. पुढें कूपरेज मैदानावर पेढ्यांचे संघ खेळूं लागले. महिंद्र युनायटेड या संघानें २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१०त तो मालकांनीं बंद केला. चार वर्षांत शिखरावरून शून्यावर. गिरणगांवांत कबड्डीच्या मंडळांस जो बहर होता, त्याला १९८२च्या संपानें मोठा धक्का बसला. गिरणी गेली, नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर तो संध्याकाळचा मोकळा तास गेला.

कबड्डीचा प्रश्न मात्र निराळा आहे. हुतूतूचे नियम निरनिराळ्या गांवीं निरनिराळे होते. ‘संजीवनी’, ‘गामिनी’ व ‘अमर’ असे तीन प्रकार पुढें ओळखले जाऊं लागले. संजीवनींत बाद झालेला गडी, प्रतिपक्षाचा गडी बाद होतांच पुन्हां उठतो. गामिनींत तो सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच. अमरांत तो मैदान सोडीतच नाहीं, केवळ गुण मोजतात. पहिलें नांव ज्यानें ठेविलें त्याला कच-देवयानीची कथा पाठ असली पाहिजे. नियम लेखी करण्याचें काम पुणें, सातारा व बडोदें येथील क्रीडामंडळांनीं १९१५ ते १९२५च्या सुमारास केलें. १९०६त स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यानें याच काळांत खोखोचे नियम बांधले. १९३६त अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं हे देशी खेळ करून दाखविले. या साऱ्या काळांत कबड्डीच्या गड्यास वेतन नव्हतें. क्रिकेटांत १८९२त रुळाचे चार रुपये मिळत. कबड्डीस रूळ लागत नाहीं, म्हणून तेवढेही नाहींत.

आतां अलीकडील भागाकडे वळूं. २००८ सालीं मुंबईचा क्रिकेट संघ ११ कोटि १९ लाख डॉलरांस विकला गेला, आणि खेळाडूंचा लिलाव झाला. लिलाव हा शब्द आमच्या वाचकांस हस्तलिखितांच्या व जप्त वतनांच्या संदर्भांत ठाऊक आहे. माणसांचा लिलाव ऐकून प्रथम आम्ही दचकलों. परंतु विचार करितां असें दिसतें कीं, येथें किंमत उघड बोलली जाते व ती खेळाडूच्याच पदरांत पडते, तर पूना क्लबांत ती चार रुपये होती व तिच्यांत रूळही फिरवावा लागे. मुंबईच्या संघानें २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० या पांच वर्षीं विजेतेपद मिळविलें.

पुण्याचें दैव तसें नव्हतें. २०१० सालीं ३७ कोटि डॉलरांस पुण्याचा संघ विकत घेतला गेला. ‘पुणे वॉरियर्स’ या नांवानें तो २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळून पैशाच्या तंट्यांत नाहींसा झाला. त्याच्यासाठीं म्हणून मावळांत गहुंजें येथें जें क्रीडागार ओळखीचें झालें, तें मात्र राहिलें. पुढें दुसऱ्या दोन संघांवर बंदी आली असतां, त्यांच्या जागीं दोन वर्षांपुरता पुण्यास नवा संघ मिळाला. याच्या नांवांत आमच्या वाचकांस रुचेल असा एक पाठभेद आहे. २०१६च्या कागदांत ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ असें अनेकवचन, व २०१७च्या कागदांत ‘सुपरजायंट’ असें एकवचन. पुढेंमागें कोणी अभ्यासक तारीख नसलेला एखादा तुकडा हातीं घेईल, तर या एका अक्षरावरून त्याचें वर्ष ठरवितां येईल. मोडींतील पुष्कळ कागदांचा काळ याहून दुबळ्या पुराव्यावर ठरलेला आहे. २१ मे २०१७ रोजीं हैदराबादेस अंतिम सामन्यांत मुंबईच्या ८ बाद १२९. पुण्याच्या ६ बाद १२८. एका धांवेनें हार, आणि संघ त्याच दिवशीं समाप्त. फुटबॉलचा पुण्याचा संघ २०१४त निघून २०१९पर्यंत चालला, व त्याचा हक्क हैदराबादेस गेला. दहा वर्षांच्या आंत पुण्यानें तीन संघ पाहिले व तीन घालविले.

टिकला तो कबड्डीचा. २०१४च्या पहिल्या हंगामांत आठ संघ होते, त्यांत मुंबई व पुणें ही दोन्ही होतीं. मुंबईचा संघ २०१५त विजयी झाला. पुणेरी पलटण २०२२त अंतिम सामन्यांत हरली, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस हरियाणाच्या संघास २८-२५ असें हरवून प्रथमच जिंकली. नायक अस्लम इनामदार अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील. आणि त्यांच्याबरोबर, लिलावांत २ कोटि ३५ लाख रुपयांस घेतलेला, इराणचा मोहंमदरझा शादलुई. त्या मुलाच्या प्रश्नाकडे आम्ही येथें परत आलों. पेशव्यांच्या पदरीं अरब होते, पुरभय्ये होते, इब्राहिमखानाचे गारदी होते. पगारासाठीं लढणाऱ्या त्या लोकांस पुण्याची पलटण म्हणून कोणीच नाकारिलें नाहीं. तेव्हां इराणी मनुष्य ‘पुणेरी’ कसा, असें जे विचारतात, त्यांनीं पेशवे दफ्तर पुन्हां उघडावें. मुलाला आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, ही पलटण पेशव्यांची नव्हे, पण रीत त्यांचीच आहे.

शेवटीं साधनांविषयीं लिहिलें पाहिजे. बाळूंचे आंकडे आज सांगतां येतात, कारण त्यांच्या समकालीनांनीं ते कोठें तरी लिहून ठेविले व नंतरच्या अभ्यासकांनीं शोधून काढिले. परंतु मोडलेल्या संघांचे कागद कोण ठेवितो? मालक बदलला कीं दफ्तर जातें. कांहीं वर्षांपूर्वीं पुण्यांतील एका जुन्या क्रीडामंडळाचीं गुणलेखनाचीं बाडें रद्दींत गेल्याचें आम्हांस दुसऱ्याकडून कळलें. आम्ही पासलीहून पहिल्या गाडीनें निघालों. पोहोंचेपर्यंत दोन दिवस झाले होते. रद्दीवाल्यानें पानें सोडवून पुड्यांसाठीं दिलीं होतीं. चार पानें मिळालीं. जाड कागद, निळ्या रेघा, शाई काळी असून कडेस तांबूस पडलेली. एका पानाच्या मागें पेन्सिलीनें चार आण्यांचा कांहीं हिशेब. वर्ष नाहीं, प्रतिपक्षाचें नांव फाटलें आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत या पानांचा पुरावा म्हणून उपयोग आम्हीं केलेला नाहीं. पानांचे आंकडे अडुसष्ट ते एकाहत्तर आहेत. कोणा संग्राहकाजवळ याच बाडांतील मागचींपुढचीं पानें आलीं असल्यास त्यानें मंडळाकडे कळवावें; आमच्या जवळचीं चार पानें आम्ही जुळवणीसाठीं मूळ स्वरूपांतच देऊं.